अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं करून घेणारा भिक्खू बुद्धभद्र कोण होता?

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किलोमीटर. तिथल्या २६ नंबरच्या लेण्यात शिरलं की डाव्या भिंतीपाशी माणूस थबकतोच. तिथं साधारण ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाणातली बुद्धमूर्ती आहे. फोटो सगळे तिचेच काढतात.

पण बाहेर व्हरांड्याच्या भिंतीवर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. हे लेणं कुणी करून घेतलं, ते त्यात सांगितलंय. तो राजा नव्हता, व्यापारीही नव्हता. तो होता एक भिक्खू, बुद्धभद्र.

काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. वाकाटक राजा हरिषेणचा मंत्री वराहदेव यानं १६ नंबरचं लेणं करवलं, तेही याच काळात. बुद्धभद्र कुलीन घराण्यातला. गोदावरी खोऱ्यातल्या अश्मक राज्याचा मंत्री भव्विराज हा त्याचा जिवलग मित्र. लेख तर ही मैत्री अनेक जन्मांची असल्याचं सांगतो. भव्विराजानंतर त्याचा मुलगा देवराज मंत्री झाला, याचीही नोंद आहे. भव्विराजाच्या आणि आईवडिलांच्या नावानं बुद्धभद्रानं हे चैत्यगृह दान केलं.

आता प्रश्न असा, की भिक्खूनं सोनंनाणं हातात घ्यायचं नाही, असा विनयाचा नियम. मग डोंगर फोडून एवढं मोठं काम झालं कसं?

इथं संघाचा कारभार कळतो. पैशाचे व्यवहार भिक्खूंच्या वतीनं सांभाळणारा गृहस्थ म्हणजे कप्पियकारक. नव्या बांधकामावर देखरेख करणारा भिक्खू म्हणजे नवकम्मिक. थोडक्यात, कामं वाटून दिलेली असायची. बुद्धभद्रानंही तेच केलं. भिक्खू धर्मदत्त आणि आपला शिष्य भद्रबंधू यांच्यावर त्यानं काम सोपवलं आणि त्या दोघांनी ते पूर्ण करून घेतलं. विशेष म्हणजे, दोघांचीही नावं त्यानं लेखात कोरून घेतली. राबणारे दुसरेच आणि नाव एकट्या दात्याचं, असं इथं झालं नाही.

पण या पद्धतीत एक कच्चा दुवा होता. तो समजायला नाशिकला जावं लागतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, बुद्धभद्राच्या तीनेकशे वर्षं आधीचा. त्यानं भिक्खूंसाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० कार्षापणांवर महिन्याला शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख. या ठेवीला म्हणायचे अक्षयनिवी. दाता गेला तरी विहार चालू राहावा, यासाठीची ही सोय.

मुंबईजवळच्या कान्हेरीतही अशा ठेवींचे लेख आहेत. अगदी नवव्या शतकात, शिलाहारांच्या काळातही तिथं दानं येत होती. जवळ बंदरं होती, व्यापारी होते, लहानमोठे दाते होते.

बुद्धभद्राच्या काळातल्या अजिंठ्याचा भार मात्र राजे, मंत्री आणि त्यांच्या ओळखीपाळखीवर होता. हरिषेणानंतर वाकाटक सत्ता कोसळली आणि अजिंठ्यातली कामं थंडावली. काही लेणी अर्धवट कोरलेलीच राहिली, ती आजही तशीच दिसतात. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्सांगनं ज्या डोंगरातल्या विहाराचं वर्णन केलंय, तो अजिंठाच असावा असं मानतात. म्हणजे नाव टिकलं होतं. पण नव्या लेण्यांचा तो जोर पुन्हा कधी आला नाही.

चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात करावं, अशी बुद्धभद्राची धारणा होती. ती खरी ठरली. दीड हजार वर्षांनंतरही लेणं उभं आहे आणि भव्विराजाचं नाव भिंतीवर आहे. दगडात कोरलेलं काम त्यानं चिरेबंद करून ठेवलं, पण रोजचा विहार चालायला नाशिकच्या विणकरांकडचं ते व्याजच लागतं.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर २६ नंबरच्या लेण्यात आत जाण्याआधी व्हरांड्यात मिनिटभर थांबा. धर्मदत्त आणि भद्रबंधू यांची नावं तिथंच आहेत.