कमलाबाई सोहोनी

१९७५ साली आपल्या कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. त्यांची धाकटी बहीण म्हणजे कमलाबाई. जन्म इंदूरचा. वडील आणि चुलते, दोघेही रसायनशास्त्र शिकलेले.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. पुढे बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकायचे ठरवले. पण तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाव घालून घ्यायला नकार दिला. नोबेल पारितोषिक मिळवलेला एवढा मोठा माणूस! दुसरे कोणी असते तर गप घरी आले असते. कमलाबाई मात्र अडून बसल्या. शेवटी वर्षभर काम बघू, मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या. रामन यांचेही मत बदलले. संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

मग त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे द्रव्य सापडले. त्यात लोखंडाचा अंश असतो आणि पेशींच्या श्वसनाला ते लागते. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध फक्त ४० पानांचा!

परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवले, नीरेवर संशोधन केले. १९९८ साली त्या वारल्या.

आज सातारा-सांगलीच्या मुली एम.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतात. त्यांना वर्षभराची अट कुणी घालत नाही. कमलाबाई तेव्हा अडून बसल्या, म्हणून ही वाट मोकळी झाली.

— इयत्ता ७ वी