लुई पाश्चर आणि गळके पिंप

लुई पाश्चर म्हटले की शाळेच्या पुस्तकातला तो प्रसंग आठवतो. पिसाळलेला कुत्रा चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर, त्याची घाबरलेली आई आणि १८८५ च्या जुलैमधली ती लस. मलाही शाळेत एवढाच पाश्चर भेटला होता. पुढे त्याच्याविषयी वाचत गेलो, तेव्हा मला धरून ठेवणारा पाश्चर वेगळाच निघाला. तो बिअरच्या कारखान्यात उभा होता. पिंपाचा सांधा नीट बसला आहे का, नळीच्या आत काय साठले आहे, याची चौकशी करत होता. रविवारच्या सकाळी बिअरचा विषय काढला म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. खुद्द पाश्चरलाही बिअरची फारशी गोडी नव्हती. तिच्यातले चवीचे बारकावे त्याला उमगत नसत आणि त्याचा रसिक मित्र बर्तँ त्यावरून त्याची भरपूर थट्टा करी.

२७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या डोल या गावी त्याचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या फौजेतून परतलेले सार्जंट. धंदा कातडी कमावण्याचा. पुढे कुटुंब आर्बुआला गेले. कातडे कधी भिजवायचे, कधी काढायचे, कुठे चूक झाली तर सडते, हे घरातच बघत तो वाढला. पोराचा हात चित्रकलेत चांगला होता. आईवडिलांची त्याने काढलेली रंगीत चित्रे आजही आहेत. पण तो रसायनशास्त्राकडे वळला आणि १८५४ साली लील या उद्योगनगरीत प्राध्यापक झाला.

तिथे १८५६ मध्ये बिगो नावाचा एक कारखानदार त्याच्याकडे आला. हा बीटापासून मद्यार्क काढत असे आणि त्याची काही पिंपे नासत होती. पाश्चर कारखान्यात जाऊ लागला, पिंपांतले थेंब आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागला. चांगल्या पिंपात गोल, टपोऱ्या यीस्टच्या पेशी. नासलेल्या पिंपात त्यांच्या जोडीला बारीक काड्यांसारखे काही. आंबणे आणि नासणे ही दोन्ही जिवंत प्राण्यांचीच कामे आहेत, फक्त प्राणी वेगळे, ही गोष्ट त्याला तिथे दिसली. आपल्या घरात इडलीचे पीठ चांगले फुगते तेव्हा आणि उन्हाळ्यात तेच पीठ वास मारते तेव्हा हाच खेळ चाललेला असतो.

मग प्रश्न आला की हे नको असलेले पाहुणे येतात कुठून. ते आपोआप निर्माण होतात, असे तेव्हा मोठमोठे लोक मानत. पाश्चरने काचेचे चंबू घेतले, त्यांची मान तापवून हंसाच्या मानेसारखी लांब आणि वाकडी ओढली आणि आतला रस्सा उकळला. मान उघडीच होती, हवा आत जात होती. पण धूळ वळणावर अडकत होती. रस्सा नासला नाही. चंबू तिरका करून तोच रस्सा त्या वळणातल्या धुळीला भिजवून परत आत घेतला की तो थोड्याच दिवसांत गढूळ होई. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात सगळे दोन बोटांच्या वळणावर अवलंबून आहे.

१८६० मध्ये तो असेच उकळून बंद केलेले चंबू घेऊन आल्प्समध्ये माँ ब्लाँजवळच्या हिमनदीवर गेला. तिथली स्वच्छ हवा आत घ्यायची आणि लगेच दिव्याच्या ज्योतीने तोंड वितळवून बंद करायचे, असा बेत. पण बर्फावरच्या लखलखाटात ज्योत दिसेना आणि वाऱ्यात ती एका जागी ठरेना. उघडे राहिलेले चंबू घेऊन तो खालच्या खानावळीत मुक्कामाला आला आणि तिथल्या धुळीने त्यातले बहुतेक नासले. त्याने शामोनी गावातल्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून दिवा दुरुस्त करून घेतला आणि पुन्हा वर गेला. या खेपेस वीसपैकी एकच चंबू नासला. आर्बुआजवळ उघडलेल्या विसांपैकी आठ नासले होते. विज्ञानाच्या इतिहासात त्या टिनकाराचे नाव नाही, याची मला उगीच हळहळ वाटते.

हे सगळे चालू असताना घरात काय घडत होते? थोरली मुलगी जान १८५९ मध्ये टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामी गेली, १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, तीही टायफॉइडनेच. १८६८ मध्ये पाश्चरला पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. तेव्हा तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर काचेच्या नळ्या वाकवण्याचे नाजूक काम त्याला सहायकांच्या हातांनी करून घ्यावे लागे.

त्यात १८७० चे युद्ध आले. जर्मनांनी फ्रान्सचा पराभव केला. पाश्चरचा मुलगा सैन्यात होता; माघारी येणाऱ्या फौजेत बाप त्याला शोधत फिरला आणि सुदैवाने तो सापडला. पाश्चरच्या मनात संताप होता. बॉन विद्यापीठाने दिलेली मानाची पदवी त्याने परत केली. जर्मनांची बिअर सगळ्या जगात सरस मानली जाई, तेव्हा फ्रेंच बिअर तिच्या तोडीची करायची असे त्याने ठरवले. सूड उगवण्याची ही रीत मोठी मजेशीर आहे, पण तो कमालीचा गंभीर होता.

१८७१ मध्ये क्लेरमाँ-फेराँजवळच्या एका छोट्या बिअर कारखान्यात त्याने काम सुरू केले. बिअर करण्याची रीत थोडक्यात अशी. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात भिजवतात. त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून ते उकळतात. मग निववून यीस्ट घालतात. उकळी आली की आतले जंतू बहुतेक मरतात. धोका त्यानंतरचा. हा काढा त्या काळी मोठमोठ्या उघड्या परातींत निवत ठेवत. कोमट, गोड, वरून उघडा. जंतूंना आणखी काय हवे?

पाश्चरने झाकलेली पिंपे तयार केली. काढा उकळता असतानाच आत घ्यायचा, पिंपावर बाहेरून गार पाणी सोडायचे आणि हवा आत जाईल ती ठरावीक नळीतूनच. आता गळतीचे बघा. आपण गळती म्हणतो ती बाहेर जाणारी. टाकीखाली पाणी दिसले की आपण वायसर बदलतो. पण गरम पिंप निवू लागले की आतली हवा आकसते आणि पिंप बाहेरची हवा ओढून घेते. सांध्याला केसाएवढी फट असली तरी तिथून थेंबही बाहेर पडत नाही, आणि आत मात्र धूळ जाते. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. पंधरा दिवसांनी जिभेला कळते.

आज इंग्लंड-अमेरिकेत घरी हौसेने बिअर करणारे पुष्कळ आहेत. (आपल्याकडे परवान्याशिवाय तसे करणे गुन्हा आहे, हे सांगून ठेवतो.) नवख्याला ते दोन गोष्टी आधी शिकवतात. पिंपात साधे पाणी भरून तोटी आणि झाकण तपासा, सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. आणि भांडे आधी घासा, मग निर्जंतुक करा. कारण वाळलेल्या साक्याच्या थराखाली जंतू सुरक्षित बसतात, औषध वरून वाहून जाते. तोटी उघडून तिचे भाग सुटे करून धुवा, चरे पडलेली रबरी नळी फेकून द्या. माझी आजी लोणच्याची बरणी गरम पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवून, वर दादरा बांधून ठेवी आणि ओला चमचा घालणाऱ्याला चांगलीच झापे. पाश्चरचे नाव तिने ऐकले नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड या प्रचंड कारखान्यात गेला. त्याने तिथले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात रोगट काड्या दाखवून, हे यीस्ट बदला म्हणून सांगितले. नासलेल्या मालाची गोष्ट पाहुण्यापासून लपवू पाहणारे व्यवस्थापक चपापले. आठवड्याच्या आत कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७६ मध्ये पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला.

मात्र त्याचे सगळेच बरोबर ठरले नाही. यीस्टमधले जंतू मारायला त्याने सुचवलेल्या टार्टारिक आम्लाच्या उपायाने रानटी यीस्ट मरत नसे. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, आणि कारखान्याचे मालक याकोबसेन यांनी ते इतरांनाही देऊन टाकले.

पण तोवर पाश्चरचा धडा पिंपाबाहेर पडला होता. शल्यविशारद लिस्टर त्याचे निबंध वाचून जखमा आणि हत्यारे कार्बोलिकने स्वच्छ करू लागला होता. १८७४ मध्ये त्याने पाश्चरला पत्र लिहून ऋण मान्य केले. १८७९ मध्ये बाळंतरोगावरच्या चर्चेत पाश्चरने फळ्यावर जंतूंच्या माळा काढून दाखवल्या आणि डॉक्टरांचेच हात तो रोग पोचवतात असे सुनावले. स्वतः तो हस्तांदोलन टाळी, जेवायला बसला की ताटली-पेला पुसून घेई. लोकांना ते विक्षिप्त वाटे. तीन मुली गमावलेल्या बापाला मी विक्षिप्त म्हणणार नाही.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी तो गेला. त्याच्या पॅरिसच्या संस्थेत काम केलेला हाफकिन पुढच्याच वर्षी प्लेगने हादरलेल्या मुंबईत आला आणि १८९७ च्या जानेवारीत त्याने प्लेगची लस तयार केली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ती लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला, त्याला कामावरून दूर केले गेले. पुढे उलगडले ते असे: बाटलीचे बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव मिळाले १९२५ साली.