मक्षिकास्थाने मक्षिका

जुन्या दफ्तरातली एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका कारकुनाला कागदाची नक्कल करायला दिली. मूळ कागदावर एक माशी चिकटून मेलेली होती. या प्रामाणिक गृहस्थाने दुसरी माशी मारली आणि नकलेवर नेमकी त्याच जागी चिकटवली! उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेल्यामुळे या गोष्टीला मी जरा जपूनच हसतो. पण माशीला जिवंत ठेवून, तिचे रूप साऱ्या जगाला दाखवणारा एक कारकून खरोखरच होऊन गेला. त्याचे नाव फ्रँक पर्सी स्मिथ.

पर्सीचा जन्म १८८० सालचा, लंडनचा. चौदाव्या वर्षी तो तिथल्या शिक्षणखात्यात कारकून म्हणून चिकटला. काम रुक्ष, साहेब वर, फायली पुढे. ते त्याला मनापासून आवडले असे कधीच झाले नाही. त्याचा जीव रमे तो सूक्ष्मदर्शकाच्या नळीत. लंडनमध्ये अशा हौशी माणसांचे क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लब नावाचे एक मंडळ होते. दिवसा फायली आणि फावल्या वेळात किड्यांचे पाय, पंख, सोंडा. नोकरीत राहून कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ही दुहेरी वस्ती समजावून सांगावी लागत नाही.

एकदा त्याने निळ्या माशीच्या जिभेचे मोठे छायाचित्र काढले. ते चार्ल्स अर्बन या चित्रपट-व्यावसायिकाच्या नजरेस पडले. हा अर्बन मूळचा अमेरिकन, लंडनमध्ये स्थिरावलेला. १९०३ साली त्याने चीजमधल्या किड्यांची फिल्म नाट्यगृहात दाखवून लोकांना शहारे आणले होते. त्याने या कारकुनाच्या हाती चलच्चित्रांचा कॅमेरा दिला.

इथे थोडे तंत्र सांगायला हवे, कारण खरी झटापट तिथेच आहे. किडा फिल्मवर मुळाएवढाच उमटवायचा तर भिंग फिल्मपासून नेहमीच्या दुप्पट लांब न्यावे लागते, आणि पोचणारा उजेड एक चतुर्थांश उरतो. त्याहून मोठा हवा असेल तर आणखी अंधार. म्हणून दिवे प्रखर लावायचे. पण दिव्यांच्या आचेने किडाच कोमेजतो. त्यात डोळा स्पष्ट आला की पाय पुसट. बरे, माशीला काही फोटो-स्टुडिओतल्या नवरदेवासारखे स्तब्ध बसा म्हणता येत नाही.

पर्सीने युक्ती काढली. माशीला पाठीवर निजवून जागच्या जागी अडकवायचे, पाय मात्र मोकळे. पायाखालची जमीन हरवली की माशीचे पाय काहीतरी शोधू लागतात. त्यांना काडी दिली तर काडी धरतात, चेंडू दिला तर त्यावर चालू लागतात. माशी जागेवरच राहते आणि चेंडू गरगर फिरतो. १९०८ साली त्याने अशी पहिली फिल्म केली. आज पाहायला मिळते ती १९१० सालची ‘द अ‍ॅक्रोबॅटिक फ्लाय’, अवघ्या काही मिनिटांची. तीत एक माशी चेंडू फिरवते आहे आणि त्या चेंडूवर दुसरी माशी उभी आहे, असेही दृश्य आहे. सर्कशीतल्या बाईने पाठीवर पडून पिंप फिरवावे तसे!

वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. कोणी म्हणाले ही लबाडी आहे, कोणी म्हणाले हा छळ आहे. माशांना इजा झाली नाही, काम संपल्यावर त्या सोडून दिल्या, असे पर्सीचे सांगणे होते. लबाडीच्या आरोपाचे मात्र मला हसू येते. १९०९ साली त्याने कोळी धाग्यावरून हवेत कसा तरंगत जातो ते दाखवणारी फिल्म केली होती. त्यातला कोळी खोटा, यांत्रिक होता. माशी मात्र खरी होती, तिच्यावरच लोकांचा विश्वास बसेना.

१९१० साली त्याने सरकारी नोकरी सोडली. आमच्या पिढीला हे वाक्य वाचतानाच छातीत धस्स होते. पेन्शनची नोकरी सोडायची, तीही माशांसाठी! त्याच वर्षी त्याची ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ आली. ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यायचे. मग कित्येक तासांचे उमलणे क्षणांत दिसते. लंडनच्या साउथगेट भागातले त्याचे घर म्हणजे कारखानाच झाला. ग्रामोफोनच्या सुयांसारख्या घरगुती वस्तूंतून यंत्रे उभी राहिली. फिल्म बदलायची वेळ झाली की मध्यरात्री घंटा वाजून त्याला उठवत असे. त्या घरात पत्नी केटही राहत होती. तिने त्या घंटा किती रात्री ऐकल्या असतील!

याच सुमारास, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळके मुंबईत वाटाण्याच्या रोपाचे एकेक चित्र घेत बसले होते. ती ‘अंकुराची वाढ’ पाहून सावकाराचा विश्वास बसला, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तंत्र तेच. दादासाहेबांना त्या रोपाने पुराणकथेच्या दारापर्यंत नेले. पर्सी मात्र रोपापाशीच थांबला.

पहिल्या महायुद्धात त्याने रणभूमीचे हलते नकाशे केले. पण त्याचे मोठे काम १९२२ पासूनच्या ‘सीक्रेट्स ऑफ नेचर’ या मालिकेत आहे. ज्याची किळस वाटते त्यावरच फिल्म करायची, म्हणजे ते सुंदर होते, अशी त्याची रीत होती. १९२७ सालच्या ‘द प्लँट्स ऑफ द पँट्री’मध्ये त्याने फडताळातल्या अन्नावरची बुरशी दाखवली. जी दिसताच आपल्याकडे डबा थेट मोरीत उपडा होतो, तिचे पांढरे धागे पडद्यावर रानासारखे वाढत जातात, टोकाला बारीक गोळे धरतात. १९३१ मध्ये त्याने ‘मॅजिक मिक्सीज’ केली, ती कुजक्या लाकडावर सरपटणाऱ्या, धड प्राणी नाही धड वनस्पती नाही अशा बुळबुळीत जीवांवर. हा विषय घेऊन कोणी पैसे मागायला आला असता तर मी कर्ज मंजूर केले नसते.

मार्च १९४५ मध्ये पर्सी वारला. २०१६ साली ‘टिंडरस्टिक्स’ या वाद्यवृंदाचे स्टुअर्ट स्टेपल्स यांनी त्याच्या जुन्या फितींतले तुकडे जुळवून, नवे संगीत देऊन ‘मिनिट बॉडीज’ नावाचा चित्रपट केला. त्यात निवेदन नाही. नुसते कोंब, शेवाळ आणि बुरशी, आणि त्यांची सावकाश चाललेली हालचाल.