जाक मोनो : पेशीतील नियंत्रणाचा शोध

माणसाच्या यकृतातील पेशीत आणि डोळ्यातील पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरीही डोळा पित्त तयार करीत नाही आणि यकृताला दिसत नाही. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निद्रिस्त राहावे, हे पेशी कशी ठरवते? या प्रश्नाचे पहिले पक्के उत्तर ज्यांनी दिले, त्या जाक मोनो यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिस येथे झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपणी पोलिओने एक पाय दुबळा झाला, तरी ते गिर्यारोहण करीत आणि चेलोही वाजवीत. सॉर्बोन येथे संशोधन करताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. जिवाणूंना दोन प्रकारच्या शर्करा एकत्र दिल्या, तर ते आधी ग्लुकोज संपवतात, मग त्यांची वाढ काही काळ थांबते आणि त्यानंतरच ते दुसऱ्या शर्करेकडे वळतात. दुसरी शर्करा पचविण्याची क्षमता त्यांच्यात होतीच. मग ती इतका वेळ वापरली का गेली नाही? या एका प्रश्नाने त्यांची पुढची वीस वर्षे व्यापली.

मध्ये युद्ध आले. नाझींच्या ताब्यातील पॅरिसमध्ये मोनो भूमिगत प्रतिकार चळवळीत उतरले. त्या काळी ते कम्युनिस्ट पक्षातही होते. पुढे त्यांनी पक्ष सोडला आणि सोव्हिएत सत्तेच्या पाठबळावर आनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या लायसेन्को यांच्यावर १९४८ साली जाहीर टीका केली. सत्तेच्या आज्ञेने निसर्गनियम बदलत नाहीत, ही त्यांची भूमिका आम्हांस त्यांच्या शौर्याइतकीच मोलाची वाटते.

पाश्चर संस्थेत त्यांना फ्रांस्वा जाकोब भेटले. आर्थर पार्डी यांच्यासह त्यांनी लॅक्टोज पचविणारे विकर बनविण्याचे जनुक ते नसलेल्या जिवाणूंत पोहोचविले. लॅक्टोज नसतानाही विकर लगेच तयार होऊ लागले. काही वेळाने ते थांबले. म्हणजे जनुकाला चालना देणारे नव्हे, तर रोखणारे काहीतरी पेशीत हळूहळू साठत होते. मोनो यांचा स्वतःचा तर्क याच्या उलट होता. त्यांनी तो सोडला. लॅक्टोज आले की हा रोधक बाजूला होतो आणि जनुक काम करू लागते. १९६१ साली त्यांनी व जाकोब यांनी हे सारे शोधनिबंधात मांडले. वाढीवरील असे नियंत्रण ढासळणे म्हणजेच कर्करोग, असा विचारही त्याच्या अखेरीस त्यांनी नोंदविला. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ३१ मे १९७६ रोजी मोनो यांचे निधन झाले.

विदर्भातील आपल्या बौद्ध व आदिवासी कुटुंबांना सिकल सेल हा आजार नवा नाही. त्याचा धागा येथे जुळतो. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनते. जन्मानंतर ते जनुक एका रोधक प्रथिनामुळे दडपले जाते. हा रोधक दुबळा केला, तर गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते आणि रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकणे कमी होते. या तत्त्वावरील जनुकसंपादनाच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचा खर्च सध्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. मात्र अनेक वर्षे वापरात असलेले हायड्रॉक्सीयुरिया हे औषधही गर्भकालीन हिमोग्लोबिनच वाढवते, आणि ते तुलनेने स्वस्त आहे.