टीबीचा जंतू शोधणारा तालुक्याचा डॉक्टर. गिनीपिगच्या भरवशावर जिंकला अन् त्याच भरवशावर फसला

दरवर्षी २४ मार्चला प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जागतिक क्षयरोग दिनाचे फलक लागतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, असं आशा ताई घरोघरी सांगत फिरतात. २४ मार्च हीच तारीख का, याचं उत्तर १८८२ सालच्या बर्लिनमध्ये आहे. त्या संध्याकाळी रॉबर्ट कॉख नावाच्या ३८ वर्षांच्या डॉक्टरने क्षय एका जंतूमुळे होतो हे भर सभेत सिद्ध करून दाखवलं. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस एका आडगावचा सरकारी डॉक्टर होता. आणि त्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार होता गिनीपिग.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगरातल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावचा. वडील खाणीत नोकरीला. तेरा भावंडांत रॉबर्टचा नंबर तिसरा. दगड, शेवाळ, किडे गोळा करायचा नाद लहानपणापासूनचा. पुढे ग्योटिंगेनला वैद्यकीच्या शिक्षणाला गेले, तिथे याकोब हेन्ले हे प्राध्यापक भेटले. साथीचे रोग कुठल्यातरी सजीव कणांमुळे होत असावेत, असं हेन्ले यांनी १८४० सालीच लिहून ठेवलं होतं. पुरावा मात्र कुणाकडेच नव्हता. १८६६ मध्ये कॉख डॉक्टर झाले, १८६७ मध्ये एमी फ्रात्स यांच्याशी लग्न झालं, एक मुलगी झाली. मग या गावातून त्या गावात दवाखाना हलवत काही वर्षं गेली. मध्ये फ्रान्सशी लढाई झाली, तिथेही जाऊन आले.

१८७२ मध्ये व्होल्श्टाइन इथे तालुक्याचे सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. दिवसभर पेशंट, देवी टोचणं, सरकारी दाखले, रात्री-अपरात्री खेड्यातून येणारं बोलावणं. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरचा दिवस यापेक्षा फार वेगळा नसतो. पण कॉख यांनी तपासणीच्या खोलीतच पडदा लावून एक कोपरा वेगळा काढला होता. पडद्याच्या एका बाजूला पेशंट, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शक आणि पिंजऱ्यातले उंदीर.

त्या भागात शेतकऱ्यांची जनावरं फाशी रोगाने पटापट मरायची. अँथ्रॅक्स म्हणतात तोच हा रोग. माणसाला झाला की काळपुळी. काही कुरणं जणू शापित होती, तिथे चरायला सोडलं की जनावर गेलंच समजा. मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखे जंतू दिसतात हे आधी इतरांनीही पाहिलं होतं. कॉख यांनी ते रक्त लाकडाच्या बारीक सळीने उंदरात घातलं, तो मेला की त्याचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. हा जंतू वाईट दिवसांत टणक कवच धरून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो, हेही त्यांनीच शोधलं. शापित कुरणांचं गूढ तिथे सुटलं. १८७६ मध्ये सगळं सामान घेऊन ते ब्रेस्लाऊला प्राध्यापक फेर्डिनांड कोन यांच्याकडे गेले आणि प्रयोग करून दाखवले. तोवर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. १८८० मध्ये सरकारने त्यांना बर्लिनच्या आरोग्य कार्यालयात बोलावून घेतलं.

ऑगस्ट १८८१ मध्ये कॉख यांनी क्षयाला हात घातला. त्या काळी युरोपात दर सात मृत्यूंमागे एक क्षयाने होत असे. हा रोग घराण्यातून येतो, कमजोर अंगकाठीला होतो, दूषित हवेने होतो अशा समजुती होत्या. आपल्याकडेही घरात क्षय म्हटलं की सोयरीक मोडायची, ती याच समजुतीने. व्हिलमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८६५ मध्येच क्षयाच्या गाठींचा अंश सशात घालून रोग लागतो हे दाखवलं होतं. पण लागतो म्हणजे नेमकं काय लागतं, ते दिसत नव्हतं.

न दिसण्याचं कारण जंतूच्या अंगात होतं. या जंतूवर मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे नेहमीचा रंग त्याला धरतच नाही. कॉख यांनी काचपट्ट्या निळ्या रंगात चोवीस तास बुडवून ठेवल्या, मग वरून तपकिरी रंग दिला. बाकी सगळं तपकिरी झालं आणि मध्ये बारीक निळ्या काड्या उठून दिसल्या. दुसरी अडचण वाढीची. बाकीचे जंतू एक-दोन दिवसांत वाढतात, हा वाढतच नव्हता. जनावराच्या रक्तातला पिवळसर द्रव तापवून घट्ट केला, शरीराइतक्या उबेत ठेवला आणि कॉख वाट पाहत बसले. दुसऱ्या आठवड्यात कोरड्या पापुद्र्यासारखे ठिपके दिसू लागले. चौथ्या दिवशी नळी फेकून दिली असती तर हा शोध दुसऱ्या कुणाच्या नावावर लागला असता.

आता उरला पुरावा. नळीत वाढलेला जंतू रोग करतो हे दाखवायचं कुणात? माणसात करता येत नाही. इथे गिनीपिग आला. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराचा. तिथे लोक तो घरात पाळतात आणि खातातही. गरीब स्वभावाचा, सांभाळायला सोपा. कॉख यांच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे क्षयाला तो चटकन बळी पडतो, आणि तरीही आपणहून त्याला हा रोग क्वचितच होतो. म्हणजे टोचल्यावर झाला तर टोचल्यामुळेच झाला, असं म्हणता येतं.

कॉख यांनी एवढ्यावरही विश्वास ठेवला नाही. ते जांघेजवळ पोटाच्या कातडीखाली टोचत. दुसऱ्या आठवड्यात तिथली गाठ सुजायची, मग जनावर खंगत जायचं आणि काही आठवड्यांत मरायचं. पिंजऱ्यातल्या हवेतून रोग लागला असता तर आधी छातीतल्या गाठी सुजल्या असत्या. रोग कुठल्या दाराने आत शिरला, हे गाठीच सांगत होत्या. शिवाय त्याच खोलीत न टोचलेले गिनीपिग ठेवलेले होते आणि ते ठणठणीत राहिले. माणसाच्या फुप्फुसातला अंश, माकडाचा, गाईचा, आणि महिनोन्‌महिने नळीतून नळीत वाढवलेला शुद्ध जंतू, सगळं शेकडो जनावरांवर करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

पुढे त्यांनी श्वासाचाही प्रयोग केला. बागेत एक बंद पेटी ठेवली, तिच्यात ससे आणि गिनीपिग. खोलीच्या खिडकीतून नळी नेऊन पेटीत जंतू मिसळलेल्या पाण्याचे तुषार सोडले. ज्याने फवारा मारायचा त्यालाच रोग लागू नये म्हणून नळी लांबची. काही दिवसांत सशांना धाप लागली, महिना उलटायच्या आत गिनीपिगही दगावले. फुप्फुसं गाठींनी भरलेली होती. क्षय श्वासातून शिरू शकतो, हे असं कळलं.

२४ मार्च १८८२ च्या सभेला ते दोनशेहून जास्त नमुने घेऊन गेले होते. बोलण्यात ते काही फर्डे नव्हते, अडखळत बोलायचे. भाषण संपलं तेव्हा टाळी नाही, प्रश्न नाही. काढायला खोटच उरली नव्हती. लोक उठून गुपचूप सूक्ष्मदर्शकांकडे गेले. श्रोत्यांत पॉल एर्लिख हा तरुण डॉक्टर होता. तो रंग देण्याची आणखी चांगली रीत शोधायला लगेच कामाला लागला. आज तालुक्याच्या लॅबमध्ये थुंकीची काचपट्टी रंगवतात ती याच वाटेने आलेली.

पुढच्या वर्षी कॉलऱ्याच्या मागावर कॉख इजिप्तला आणि तिथून कलकत्त्याला आले. तिथल्या तळ्यांच्या पाण्यात आणि रुग्णांत त्यांनी कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. मायदेशी परतले तेव्हा ते राष्ट्राचे नायक झाले होते, सरकारने एक लाख मार्कांचं बक्षीस दिलं. इथून पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे.

तिकडे पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस दिली होती आणि १८८८ मध्ये त्यांच्या नावाची संस्थाही उभी राहिली होती. जर्मनीला आपला औषध शोधणारा हवा होता. ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला जगभरचे डॉक्टर जमले असताना कॉख यांनी जाहीर केलं की, एका पदार्थाने गिनीपिगमध्ये क्षय रोखता येतो आणि झालेला थांबवताही येतो. नोव्हेंबरमध्ये माणसांवरच्या वापराचा लेख आला. पदार्थ काय आहे, ते मात्र सांगितलं नाही.

त्या लेखात त्यांनी स्वतःवर केलेला प्रयोगही दिला आहे. दंडात पाव मिलीलिटर टोचून घेतलं. तीन-चार तासांत अंग मोडून आलं, खोकला सुरू झाला, श्वास जड झाला, मग तासभर थंडी वाजली, उलटी झाली, ताप ३९.६ अंश सेल्सिअसवर गेला. गिनीपिगला याच्या आठपट दिलं तरी त्याला काही होत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. कुठे हातभर जनावर आणि कुठे माणूस! या औषधाच्या बाबतीत माणूस आणि गिनीपिग सारखे नाहीत, हे त्यांच्याच कागदावर उतरलं होतं. एवढा सावध माणूस तिथे का थांबला नाही, हा त्यांच्या आयुष्यातला खरा प्रश्न आहे. नळीजवळ आठवडेच्या आठवडे वाट पाहणाऱ्याला इथे घाई झाली. निरोगी गिनीपिगला क्षयाचा वाराही लागलेला नसतो. त्या काळच्या शहरातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात मात्र तो कधीतरी येऊन गेलेला असायचा, म्हणून अंग असं पेटून उठत होतं. हे कळायला अजून बराच काळ जायचा होता.

बातमी फुटली आणि बर्लिनकडे रीघ लागली. खोकणारी, रक्त थुंकणारी माणसं देशोदेशींहून आली. हॉटेलं भरली, खाटा मिळेनात. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल पेशाने डॉक्टर होते. तेही बघायला गेले आणि सावध राहा असं लिहून मोकळे झाले. जानेवारी १८९१ मध्ये रुडोल्फ फिर्शो यांनी हे औषध घेऊन मेलेल्यांची शवविच्छेदनं समोर ठेवली. रोग थांबण्याऐवजी आत आणखी पसरलेला दिसत होता. मग कॉख यांना पदार्थ उघड करावा लागला. क्षयाच्या जंतूंचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क होता तो, नाव ट्युबरक्युलिन. दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिले तर गिनीपिगही बरे होईनात.

नाव खराब झालं. तरी १८९१ मध्ये त्यांच्यासाठी संसर्गजन्य रोगांची संस्था उघडली गेली, आणि घटसर्पावरचा उतारा शोधणारे बेरिंग, जपानचे कितासातो, एर्लिख अशी माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली. १८९३ मध्ये एमींशी घटस्फोट झाला आणि वयाने कितीतरी लहान असलेल्या हेडविग यांच्याशी दुसरं लग्न झालं. याच हेडविग यांनीही ट्युबरक्युलिन टोचून घेतलं होतं. १८९७ मध्ये प्लेगची साथ पाहायला कॉख मुंबईत येऊन गेले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून लोक चिडलेले होते, तेच हे वर्ष.

१९०१ मध्ये लंडनला त्यांनी आणखी एक चूक केली. गाईच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही, असं ठासून सांगितलं. ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला आणि अनेक वर्षांच्या कामानंतर निष्कर्ष उलटा आला. कच्च्या दुधातून क्षय लागतो, मुलांना जास्त. दूध उकळूनच प्यावं हे त्यामागचं एक मोठं कारण. १९०५ मध्ये क्षयावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्यानंतर आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराकाठी निद्रारोगावर त्यांनी अॅटॉक्सिल हे आर्सेनिकचं औषध वापरलं, डोस वाढवत नेले, आणि काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली. तिथे पिंजऱ्यातलं जनावर नव्हतं, वसाहतीतली गरीब माणसं होती. त्यांच्या थोरवीच्या लेखांत हे पान सहसा गाळलं जातं.

ट्युबरक्युलिन औषध म्हणून गेलं, पण तपासणी म्हणून टिकलं. ज्याच्या अंगात क्षयाचा जंतू कधी शिरला असेल त्याची कातडी त्याला सुजून उत्तर देते. रुग्णालयात मुलांच्या हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी जी गाठ मोजतात, ती चाचणी यातूनच निघाली. गिनीपिगही कामावर राहिला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरला क्षयाच्या वॉर्डातली हवा नळ्यांनी गच्चीवरच्या गिनीपिगांपर्यंत नेली, तेव्हा नुसत्या हवेतून त्यांना रोग लागला. वॉर्डात खिडक्या उघड्या ठेवा असं सांगतात त्याला या प्रयोगाचा आधार आहे. खोकल्याच्या औषधांच्या प्रयोगांतही तोच लागतो, कारण उंदराला माणसासारखा खोकला येत नाही, गिनीपिगला येतो.

एप्रिल १९१० मध्ये कॉख यांना हृदयविकाराचा झटका आला. हवापालटासाठी बाडेन-बाडेनला नेलं, तिथे २७ मे १९१० ला वयाच्या ६६ व्या वर्षी ते गेले. रक्षा बर्लिनमधल्या त्यांच्याच संस्थेत ठेवली आहे. ती संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि जर्मनीत साथ आली की रोजचे आकडे तिथूनच जाहीर होतात.