तोळ्यांत मोजलेले ताट : आचार्य विनोबा भावे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या जैनेतर सत्पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. परंतु आहाराचा विषय निघाला आणि आपल्याच विदर्भातील एखादे जीवन समोर ठेवायचे झाले, तर पवनारच्या विनोबाजींकडेच दृष्टी वळते. गोंदियाहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले की नागपूर ओलांडल्यावर वर्धा येते आणि तेथून आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार. या भूमीवर एका मनुष्याने आपले ताट वर्षानुवर्षे तोळ्यांत मोजले.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरराव रंगशास्त्राचे जाणकार, हिशेबी आणि शास्त्रीय वृत्तीचे. आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी. देवाला एक लक्ष तांदळाचे दाणे वाहण्याचा तिचा संकल्प होता आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाही. वडिलांनी सुचविले की, एक तोळ्यात किती दाणे बसतात ते मोजावे व त्या हिशेबाने तांदूळ तोलून घ्यावेत. शंका राहू नये म्हणून अर्धा तोळा जास्त घालावा. आईने मुलाला विचारले. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून मोजणेच योग्य, असा निर्वाळा मुलाने दिला. आमच्यासारख्या धानाच्या मुलखातील माणसाला ही हकीकत विशेष भावते. मात्र पुढील आयुष्य पाहिले म्हणजे जाणवते की, वडिलांचा तराजूही मुलाने टाकून दिला नव्हता.

आई स्वयंपाक करताना भजनात तल्लीन होई व कधी कधी मीठ दोनदा पडे. विन्या आपल्याच विचारात मग्न; तो मुकाट्याने जेवून उठे. नंतर वडील ताटावर बसले की आमटी खारट झाल्याचे उघड होई. पहिल्यानेच का सांगितले नाही, असे आई संध्याकाळी विचारी. अस्वादाचे व्रत त्यांनी आश्रमात घेतले खरे, पण त्याचे बीज बडोद्याच्या या घरात होते.

१९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेस उतरला आणि काशीला गेला. तेथे दुपारी अन्नछत्रात जेवण व दोन पैसे दक्षिणा मिळे. त्या दोन पैशांत रात्रीसाठी दही आणि रताळी येत. (रताळे हे कंदमूळ, हे आपल्या वाचकांच्या ध्यानी येईलच, विनोबाजींना आपल्या आचारसंहितेत बसविण्याचा आमचा हेतू नाही.) त्याच वर्षी ७ जून रोजी ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात पोहोचले. महात्माजी तेव्हा भाजी चिरीत बसले होते. त्यांनी आलेल्या तरुणाच्या हातीही सुरी दिली. देशाचा एवढा मोठा नेता स्वतः भाजी चिरतो, हे विनोबाजींनी त्या दिवशी प्रथम पाहिले. गुरुशिष्यांची पहिली भेट ही अशी स्वयंपाकाच्या कामात झाली.

लवकरच प्रकृती सुधारण्यासाठी आणि अध्ययनासाठी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली व वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्ताचा अभ्यास केला. १९१८ च्या आरंभी त्यांनी बापूंना सविस्तर पत्राने आपल्या वर्षाचा जमाखर्च कळविला. त्यात आहारही होता : साठ तोळे दूध, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू. खर्च रोजचा अकरा पैसे. फळांना चार, ज्वारीला दोन, दुधाला पाच. आणि एवढ्या आहारावर आरंभी दहा-बारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर दळणे आणि शेवटी तीनशे सूर्यनमस्कार.

या ताटाचा आजच्या शास्त्राने हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साठ तोळे म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम दूध आणि वीस तोळे म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमहून थोडी अधिक ज्वारी. दोहोंतून मिळणारी प्रथिने मिळून साधारण पंचेचाळीस ग्रॅम होतात. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या माणसाला ती जवळजवळ पुरतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते दुधात भरपूर. म्हणून दोघांची जोडी एकेकट्यापेक्षा सरस ठरते. आपल्या भात-वरणाच्या जोडीतही हेच तत्त्व आहे. दुधातून हाडांना चुना मिळतो आणि शाकाहाऱ्याला इतरत्र दुर्मिळ असलेले ब-१२ जीवनसत्त्वही. लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे ज्वारीतील लोह अंगी लागते. केळी श्रमाला लागणारी ऊर्जा देतात. त्या ताटात उणीव होती ती हिरव्या भाजीची आणि स्निग्धांशाची.

ती उणीव पुढे भरून निघाली. जमनालालजी बजाज यांच्या आग्रहावरून बापूंनी विनोबाजींना वर्ध्याला धाडले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते तेथे आले आणि विदर्भाचेच झाले. मधल्या काळात कारावास घडले, ‘गीताई’ लिहून झाली, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवरील प्रवचने झाली. हा भाग सर्वांना परिचित आहे. आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती नालवाडी. १९३५ साली तेथे त्यांनी केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्या गरीब स्त्रीला जे मिळते त्यात तिचे पोट भरते का, हे त्यांना स्वतःच्या शरीरावर तपासावयाचे होते. तेव्हाचे ताट होते पन्नास तोळे दूध, तीस तोळे भाजी, पंधरा ते वीस तोळे गहू, चार तोळे तेल आणि थोडा मध, गूळ किंवा फळ. मध आपल्याकडे वर्ज्य, तो सोडून द्यावा. परंतु साडेतीनशे ग्रॅम भाजी! आपल्यापैकी किती घरांत माणशी एवढी भाजी रोज शिजते, हे गृहिणींनीच सांगावे.

तरीही साध्या आहाराची ही कथा केवळ यशाची नाही, आणि ही गोष्ट लपविणे चरित्रनायकाशी अन्याय होईल. अतिश्रमाने देह खंगत गेला. १९३८ मध्ये त्यांचे वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आले. बापूंनी चिंता व्यक्त केल्यावर ते जमनालालजींच्या पवनार येथील बंगल्यात राहावयास गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व चिंतांचा मनोमन त्याग केला. सकाळी शेत खणणे सुरू केले. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे, मग हळूहळू वाढवीत. काही महिन्यांत वजन एकशे अठ्ठावीस पौंडांवर गेले. श्रम, विश्रांती आणि अन्न यांचे प्रमाण बिघडले तर सात्त्विक जीवनही देहाला सावरू शकत नाही, हे त्यांनी पाहिले आणि प्रमाण बदलले.

आपल्या परंपरेत बाह्य तपांत ऊणोदरी आहे, रसपरित्याग आहे. पर्युषणात आयंबिल आणि उपवास करणाऱ्या माताभगिनींपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या भातावर आणि चहावर वेळ भागविणे, याला तप म्हणता येणार नाही. तेथे ना संकल्प असतो ना पच्चक्खाण. असते ती केवळ सवय, आणि घरातील इतरांचे दुर्लक्ष. रक्तक्षयाचे दुखणे अशाच घरांतून डोकावते. विनोबाजी घास मोजीत ते देहाला उपाशी ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे देणे त्याला चुकते मिळावे, अधिक नको आणि उणेही नको, यासाठी. गोंदियाच्या बाजारात चवळी, अंबाडी, पोपटाच्या शेंगा, मूग, जवस यांपैकी काही ना काही ऋतूप्रमाणे मिळतेच. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असली तरी कडधान्ये आणि दूध आहेतच. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ दिसावयास सुंदर, परंतु त्याच्या कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही गिरणीतच राहते.

पुढे पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. पैशावाचून जगण्यासाठी आश्रमवासीयांनी विहीर खणली, बैलांऐवजी स्वतः रहाट ओढला आणि भाजी पिकविली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानगंगा उगम पावली. त्यानंतर तेरा वर्षे चाललेल्या पदयात्रेत पोटातील व्रणामुळे त्यांना घनाहार झेपत नसे. दूध-दही थोडे थोडे, दिवसातून अनेकदा, एवढ्यावर ते गावोगाव चालत राहिले. २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथे शेती, छपाई आणि रसोई ही सर्व कामे भगिनी साधना म्हणून करीत.

आपल्या समाजावर त्यांचे एक मोठे ऋण आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व आम्नायांना मान्य असा एक ग्रंथ व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. क्षुल्लक जिनेंद्र वर्णीजींनी संकलन केले, १९७४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत मुनिवर्य आणि विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. जे काम आपसांत आपल्याला शतकानुशतके जमले नव्हते, ते एका जैनेतर साधकाच्या आग्रहाने झाले.

१९८२ च्या नोव्हेंबरच्या आरंभी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृतीला थोडा उतार पडत असतानाच, ८ नोव्हेंबरपासून, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. डॉक्टरांनी, आप्तांनी, देशाच्या पुढाऱ्यांनी विनविले. निश्चय ढळला नाही. सत्याऐंशी वर्षे मोजून दिलेले देहाचे देणे आता फिटले होते. १५ नोव्हेंबरच्या सकाळी धामतीरी त्यांनी देह ठेवला. ती दीपावलीची अमावास्या होती, वीर निर्वाण संवत २५०८ चा अखेरचा दिवस. गावोगावच्या जिनमंदिरांत त्या दिवशी निर्वाण लाडू चढविला जात होता.