नास्तिकाची शपथ

लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीनंतर नवनिर्वाचित सदस्यांपुढे दोन पर्याय असतात. ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने दिलेली ही मुभा आता अंगवळणी पडली आहे. मात्र ज्या ब्रिटिश संसदेकडून आपण अनेक संसदीय रिवाज घेतले, तेथे याच मुभेसाठी एका लोकनियुक्त सदस्याला जवळजवळ सहा वर्षे झगडावे लागले होते. चार्ल्स ब्रॅडलॉ हे त्यांचे नाव. नास्तिकता हे एखादे कार्य साधण्याचे साधन असते की माणसाची ओळख, या प्रश्नाचा विचार करताना त्यांचे चरित्र डोळ्यांआड करता येत नाही.

ब्रॅडलॉ यांचा जन्म 1833 साली लंडनच्या हॉक्स्टन भागात एका वकिलाच्या कारकुनाच्या घरी झाला. अकराव्या वर्षी शाळा सुटली. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत असताना धर्मग्रंथ व चर्चची अधिकृत धर्मसूत्रे यांत त्यांना विसंगती आढळली. त्यांनी धर्मगुरूला खुलासा विचारला. उत्तराऐवजी नास्तिकतेचा आरोप पदरी पडला आणि घरही सुटले. म्हणजे हा मुलगा स्वतःला नास्तिक म्हणवून घेण्यापूर्वीच इतरांनी त्याला नास्तिक ठरवले होते. पुढे कर्जापायी सैन्यात भरती, आयर्लंडमधील वास्तव्य, सुटका आणि पुन्हा लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत कारकुनी, असा प्रवास झाला. मालकाला झळ बसू नये म्हणून ते मूर्तिभंजक अशा अर्थाच्या टोपणनावाने व्याख्याने देत. 1866 साली त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. देव नाही असे ते ठासून सांगत नसत. देव या शब्दाचा निश्चित अर्थच आपल्याला कोणी समजावून दिलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती.

1880 साली नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्यांना कॉमन्स सभागृहात पाठवले. कॅथलिकांना 1829 साली आणि ज्यूंना 1858 साली या सभागृहाचे दार उघडले होते. नास्तिकासाठी ते बंदच होते. ब्रॅडलॉ यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञेची परवानगी मागितली. समितीने ती एका मताच्या फरकाने नाकारली. तेव्हा त्यांनी शपथ घेण्याची तयारी दाखवली. शपथेतील ईश्वरवाचक शब्द आपल्या लेखी अर्थहीन असले, तरी दिलेले वचन आपल्या सद्सद्विवेकाला बांधील राहील, असे त्यांनी जाहीर केले.

टीकाकारांनी त्यांना येथेच पेचात पकडले. नास्तिकता ही खरोखर निष्ठा असेल, तर शपथ घ्यायला ते तयार कसे झाले? आणि ती केवळ सोयीची असेल, तर गाजावाजा कशाला? परंतु ब्रॅडलॉ यांच्या दृष्टीने प्रश्न स्वतःच्या सोवळ्याचा नव्हताच. मतदारांनी दिलेल्या जागेचा होता. गुपचूप शपथ घेऊन ते पहिल्याच दिवशी आत बसू शकले असते. तसे करणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. तत्त्वासाठी जागेवर पाणी सोडणे हा मतदारांचा विश्वासघात वाटला.

पुढचा संघर्ष विलक्षण होता. जून 1880 मध्ये त्यांना सभागृहाच्या घड्याळ-मनोऱ्यात एक रात्र कोंडण्यात आले. त्यानंतर प्रतिज्ञा करून बसण्याची मुभा मिळाली, ती मार्च 1881 मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवली. जागा रिकामी झाली. मतदारांनी तीन पोटनिवडणुकांत त्यांनाच निवडले. ऑगस्ट 1881 मध्ये त्यांना धक्के मारून बाहेर काढण्यात आले. 1883 साली ग्लॅडस्टन सरकारचे प्रतिज्ञा विधेयक तीन मतांनी पडले. अखेर जानेवारी 1886 मध्ये सभापती आर्थर पील यांनी कोणाचाही हस्तक्षेप मान्य न करता त्यांना शपथ घेऊ दिली. दोनच वर्षांत ब्रॅडलॉ यांनी स्वतः मांडलेले विधेयक संमत होऊन 1888 चा शपथ कायदा झाला. संसदेत आणि न्यायालयात प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला.

हक्क हाती आल्यावर त्यांनी सभागृहाला नास्तिकतेचे व्यासपीठ केले नाही. हिंदुस्थानचे प्रश्न ते इतक्या सातत्याने मांडत की लोक त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणू लागले. 1889 साली आजारातून उठून ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले आणि पुढच्या वर्षी कायदेमंडळांच्या सुधारणेचे विधेयक त्यांनी संसदेत मांडले. अधिवेशनात त्यांचे स्वागत करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे थोडी नव्हती. त्यांच्या नास्तिकतेची अडचण तेथे कोणाला झाली नाही. त्यांच्या सहकारी ॲनी बेझंट मात्र त्याच वर्षी थिऑसॉफीकडे वळल्या आणि पुढे हिंदुस्थानच्या राजकारणात आल्या. वाटा विरुद्ध होत्या, तरी हिंदुस्थानची बाजू दोघांनीही घेतली.

30 जानेवारी 1891 रोजी ब्रॅडलॉ यांचे निधन झाले. तीनच दिवस आधी सभागृहाने त्यांच्याविरुद्धचा 1880 चा ठराव कामकाजातून काढून टाकला होता. ही बातमी कळण्याच्या अवस्थेत ते नव्हते. अंत्ययात्रेस लंडनमधील हिंदी मंडळी होती. त्यांत कायद्याचे विद्यार्थी मोहनदास गांधीही होते. लाहोरमध्ये पुढे त्यांच्या नावाने सभागृह उभे राहिले. अखेरच्या क्षणी ते आस्तिक झाल्याच्या वावड्या मात्र थांबेनात. कन्या हायपेशिया यांना त्या पुन्हा पुन्हा खोडून काढाव्या लागल्या.

ब्रॅडलॉ यांनी नास्तिकतेचा उपयोग केला तो सर्वांसाठी दार उघडण्यापुरता. ती त्यांची जन्माची ओळख बनली, याला आधी त्यांचा धर्मगुरू आणि नंतर संसद कारणीभूत झाली. राज्यसंस्था नागरिकाच्या श्रद्धेची झडती घेऊ लागली की साधे मतही ओळख बनते. झडती थांबली की ते पुन्हा मत होते आणि माणूस आपल्या कामाला लागतो.